अबोल वाटसरू: आचार्य धर्मानंद कोसंबी

एकट्याने प्रवासाला निघणे ही आज अनेकांची आवड झाली आहे. चारचौघांत न रमणाऱ्या, बोलण्यापेक्षा पाहण्यात आणि वाचण्यात सुख मानणाऱ्या अंतर्मुख व्यक्तींना असा प्रवास विशेष मानवतो, असे म्हटले जाते. कोणाचे मन राखायला नको, हवे तेथे थांबावे आणि हवे तेव्हा निघावे, हे त्याचे आकर्षण. पाली भाषेचे व बौद्ध साहित्याचे थोर अभ्यासक आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे पूर्वायुष्य म्हणजे असाच एकट्याने केलेला दीर्घ प्रवास होता. परंतु हे आकर्षण त्यात फारसे नव्हते. जे ज्ञान घरी मिळणे शक्य नव्हते, त्याच्या शोधात ते बाहेर पडले. आणि एकान्ताची ओढ असलेल्या या माणसाला वाटेत पावलोपावली परक्यांच्या दारात उभे राहावे लागले.

कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांकवाळ या गावी झाला. वडिलांचे नाव दामोदर, आईचे आनंदीबाई. गोवा त्या काळी पोर्तुगीज अंमलाखाली होता आणि खेड्यांतून मराठी शिक्षणाची सोय अगदीच तुटपुंजी होती. त्यातच मुलाची प्रकृती अशक्त. त्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम झाले आणि घरच्या नारळाच्या बागेची देखरेख त्यांच्याकडे आली. ज्या वयात इतर मुले शाळा-महाविद्यालयांत एकमेकांच्या संगतीने घडतात, त्या वयात या मुलाला सोबत होती ती झाडांची आणि हाती पडतील त्या मराठी पुस्तकांची. तुकारामांच्या अभंगांनी त्यांच्या मनाची पकड घेतली, ती याच काळात.

१८९१ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, त्यांचा विवाह झाला. पत्नीचे नाव बाळाबाई. संसार सुरू झाला. मन मात्र त्यात रमले नाही. पुढे लिहिलेल्या 'निवेदन' या आत्मचरित्रात कोसंबी यांनी आपल्या या काळातील औदासीन्याचे आणि निराशेचे वर्णन कसलाही आडपडदा न ठेवता केले आहे. शिकावेसे वाटते, पण शिकवणारा कोणी नाही. घर सोडावेसे वाटते, पण पाऊल उचलत नाही, अशी ती अवस्था होती. घराबाहेर पडण्याचे आरंभीचे प्रयत्न फसले आणि ते परत आले. धाडसी प्रवाशांच्या चरित्रांत सहसा न आढळणारी ही गोष्ट असल्याने तिची नोंद येथे मुद्दाम केली आहे.

१८९७ मध्ये 'बालबोध' या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले. विनायक कोंडदेव ओक यांनी चालवलेले हे मासिक त्या काळी महाराष्ट्रात घरोघरी वाचले जाई. लहान मुलांसाठी लिहिलेल्या त्या मजकुराने वयाची विशी ओलांडलेल्या या तरुणाच्या आयुष्याची दिशा बदलली. बुद्धाचा धर्म नेमका काय होता, तो कोणत्या ग्रंथांत आहे आणि ते ग्रंथ आपल्याला कोठे वाचायला मिळतील, या प्रश्नांनी त्यांना घेरले. ज्या देशात बुद्ध जन्मला, त्याच देशात या प्रश्नांची उत्तरे देणारे माणूस शोधण्यासाठी हजारो मैल फिरावे लागेल, याची तेव्हा त्यांना कल्पना नसावी. १८९८ मध्ये वडील वारले. १८९९ च्या अखेरीस पत्नी आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून कोसंबी पुण्याला निघाले. ते आता लवकर परतणार नव्हते.

पुणे, काशी आणि नेपाळ

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. संस्कृतचे हे ज्येष्ठ पंडित प्रार्थना समाजाचे अग्रणी होते. त्यांच्या आधाराने पुण्यात राहता आले असते. पण पोटापुरती विद्या मिळवून स्थिरस्थावर होणे हा कोसंबी यांचा हेतू नव्हता. संस्कृत चांगले यायचे तर काशीला जावे, असे त्यांनी ठरवले. उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर अशा वाटेने, ठिकठिकाणी भेटलेल्या मराठी माणसांचा आसरा घेत, ते १९०० मध्ये काशीला पोहोचले. मध्य भारतातील मराठी संस्थानांमुळे या सबंध पट्ट्यात तेव्हा मराठी कुटुंबांची वस्ती होती. घरची भाषा बोलणारे कोणीतरी पुढच्या मुक्कामी भेटेल, हा भरवसा नवख्या प्रवाशाला केवढा मोठा असतो, हे वेगळे सांगायला नको.

काशीत त्यांनी अन्नछत्रात जेवून संस्कृत व्याकरणाचा अभ्यास केला. जुन्या पद्धतीच्या या शिक्षणात विद्यार्थ्याला शुल्क नसे, पण राहण्या-जेवण्याची सोय ज्याची त्याने पाहायची असे. अन्नछत्रापुढे रोज वेळेवर हजर राहणे आणि पंगतीत जागा मिळण्याची वाट पाहणे हा गरीब विद्यार्थ्यांचा नित्यक्रम होता. संकोची स्वभावाच्या माणसाला उपाशी राहणे एक वेळ सोपे वाटते, हात पसरणे नाही. कोसंबी यांनी तेही अंगवळणी पाडून घेतले.

१९०२ च्या आरंभी ते नेपाळला गेले. नेपाळमध्ये बाहेरच्या माणसाला तेव्हा सहज प्रवेश मिळत नसे. महाशिवरात्रीच्या सुमारास पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंसाठी मात्र वाट मोकळी होई. डोंगर चढून, थंडीत कुडकुडत काठमांडूला पोहोचलेल्या कोसंबी यांची अपेक्षा अशी होती की, भारतात लुप्त झालेला बौद्ध धर्म येथे जिवंत सापडेल. स्तूप होते, विहार होते. पण ज्या धर्माबद्दल त्यांनी वाचले होते, तो त्यांना तेथे दिसला नाही. एवढा मार्ग चालून आल्यावर अभ्यासाची काहीच सोय नाही, असे कळणे हा मोठाच आघात होता. विशेष म्हणजे या वेळी ते घरी परतले नाहीत. तेथून ते बोधगयेला आले. तेथे भेटलेल्या भिक्षूंकडून त्यांना समजले की, बौद्ध ग्रंथांची मूळ भाषा असलेली पाली शिकायची तर सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, जावे लागेल. कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या मदतीने त्यांनी त्याच वर्षी सिलोन गाठले.

शब्दांवाचून भिक्षा

कोलंबोतील विद्योदय परिवेण हे त्या काळी पाली अध्ययनाचे प्रमुख केंद्र होते. हिक्कडुवे श्रीसुमंगल महास्थविरांनी १८७३ मध्ये त्याची स्थापना केली होती. कोसंबी यांनी त्यांच्याकडे श्रामणेर म्हणून दीक्षा घेतली आणि ज्यासाठी घर सोडले ती विद्या अखेर सुरू झाली.

भाषेत रस असणाऱ्या वाचकांना येथे एक बाब विशेष वाटेल. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिलोनमध्ये ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, सयाममध्ये तेथील लिपीत. म्हणजे बुद्धाच्या उपदेशाचे शब्द संस्कृत जाणणाऱ्या भारतीयाला कानाने ओळखीचे वाटावेत, पण पोथी उघडल्यावर एकही अक्षर वाचता येऊ नये, अशी परिस्थिती. प्रत्येक देशात कोसंबी यांना पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागली. पुढे पाली ग्रंथ देवनागरीत आणण्याचा त्यांनी जो ध्यास घेतला, त्याचे मूळ या कष्टांत असावे.

सिलोनची हवा आणि तेथील अन्न त्यांना मानवले नाही. शाकाहारी माणसाची भिक्षापात्रात पडेल ते खाताना ओढाताण होणारच. प्रकृती बिघडली आणि ते मद्रासमार्गे ब्रह्मदेशाला गेले. तेथे भिक्षुसंघात त्यांना रीतसर प्रवेश मिळाला. ब्रह्मदेशात सगाईंग येथील टेकड्यांमध्ये ध्यानाभ्यासासाठी अनेक गुहा व कुट्या आहेत. कोसंबी यांनी तेथे काही काळ ध्यानसाधना केली. त्या वेळी त्यांच्या सोबतीला ञाणतिलोक हे भिक्षू होते. मूळचे जर्मन असलेले ञाणतिलोक पुढे पालीचे पंडित म्हणून युरोपात प्रसिद्धीस आले. गोव्याच्या बागायतीतून आलेला एक आणि जर्मनीतून आलेला दुसरा, असे दोन परदेशी एका ब्रह्मी टेकडीवर मौन पाळून बसले होते. या दोघांची मैत्री शब्दांवर फारशी अवलंबून नसावी, असे वाटते.

याच काळात, १९०४ च्या सुमारास, त्यांनी उत्तर भारतात परत येऊन सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी ही बुद्धाच्या जीवनाशी निगडित स्थळे पाहिली. यातील बराच प्रवास पायी होता. त्यांचा हा प्रवास समजून घ्यायचा तर भिक्षूचे नियम लक्षात घ्यावे लागतात. भिक्षूने पैशाला हात लावायचा नाही. स्वतः रांधायचे नाही. दुपारनंतर जेवायचे नाही. आणि भिक्षा तोंडाने मागायची नाही. पात्र घेऊन दारापुढे काही वेळ शांतपणे उभे राहायचे, कोणी घातली तर घ्यायची, नाही तर पुढे जायचे. सिलोनमध्ये किंवा ब्रह्मदेशात हे सोपे असते. दारात काषाय वस्त्र दिसताच काय करायचे, हे तेथे लहान मुलालाही ठाऊक असते. उत्तर भारतात मात्र ही रीत विस्मरणात जाऊन अनेक शतके लोटली होती. अलख पुकारणारा गोसावी लोकांना माहीत होता. काही न बोलता उभा राहणारा साधू त्यांच्या परिचयाचा नव्हता.

अबोल माणसाला हा नियम सोयीचा वाटेल, असे प्रथमदर्शनी वाटते. विचार केल्यावर ध्यानात येते की, तो अधिक कठीण आहे. बोलून मागणाऱ्याला निदान आपली बाजू मांडता येते. न बोलता उभ्या राहणाऱ्याला समोरच्याच्या इच्छेवर सर्वस्वी विसंबून राहावे लागते. आजचा प्रवासी एकटा निघतो तेव्हा खिशातील पैसा त्याला लोकांपासून दूर राहण्याची मुभा देतो. खोलीचे भाडे दिले की दार लावून घेता येते. कोसंबी यांच्याजवळ लावून घेण्यासाठी दारच नव्हते. त्यांच्या एकट्याच्या प्रवासातील प्रत्येक दिवस कोणा ना कोणा अनोळखी माणसाने, बहुधा स्वयंपाकघरातील स्त्रीने, पार पाडून दिलेला आहे. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

मागे राहिलेले घर

१९०६ मध्ये कोसंबी कलकत्त्याला आले. वंगभंगाच्या चळवळीने भारलेल्या त्या शहरात राष्ट्रीय शिक्षणाचे नवे प्रयोग चालू होते. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयात आणि नंतर कलकत्ता विद्यापीठात त्यांनी पाली शिकवण्यास सुरुवात केली. भिक्षुव्रत त्यांनी सोडले. भारतात बौद्ध विद्येचा प्रसार करायचा तर चीवर घालून, नियमांच्या चौकटीत राहून ते साधणार नाही, असे त्यांचे मत झाले होते. त्याच वर्षी ते गोव्याला गेले आणि जवळजवळ सात वर्षांनी पत्नीची व मुलीची भेट झाली.

कोसंबी यांच्या चरित्रातील हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो. तो तसा उरकू नये. तो निघाला तेव्हा तान्ही असलेली मुलगी आता धावत-बोलत होती आणि समोर आलेला पुरुष तिच्यासाठी संपूर्णपणे परका होता. बाळाबाईंनी ही वर्षे नातलगांच्या आश्रयाने काढली. नवरा परागंदा झालेल्या स्त्रीचे स्थान त्या काळच्या समाजात काय होते, याची कल्पना करता येते. ती ना विधवा, ना सवाष्ण म्हणून मानाची. बुद्धाने यशोधरेला सोडल्याची कथा ऐकून डोळे पुसणाऱ्या समाजाला शेजारच्या घरातील यशोधरेबद्दल तेवढी कणव असतेच असे नाही. कोसंबी स्वतः या बाबतीत आपला बचाव करण्याच्या भरीस पडलेले नाहीत, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. मनाला वाटेल तेव्हा एकट्याने चालू लागण्याचे स्वातंत्र्य त्यांना होते, कारण घर धरून बसणारे दुसरे कोणीतरी होते. बाळाबाईंना तसे निघता आले असते का, हा प्रश्न विचारायलाच नको.

पुढील काळात त्यांनी काही अंशी भरपाई केली, असे म्हणता येईल. कुटुंब एकत्र आले. ३१ जुलै १९०७ रोजी मुलगा दामोदर याचा जन्म झाला. गणिती आणि प्राचीन भारताच्या इतिहासाचे मार्क्सवादी अभ्यासक म्हणून जगभर ओळखले जाणारे डी. डी. कोसंबी ते हेच. माणिकला तर वडिलांनी पुढे थेट अमेरिकेला शिकायला नेले आणि रॅडक्लिफ महाविद्यालयातून ती पदवीधर झाली. मात्र त्या वेळीही धाकट्या दोन मुलींना घेऊन बाळाबाई भारतातच राहिल्या.

कलकत्त्याची नोकरी कोसंबी यांनी १९०८ मध्ये सोडली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी मराठी मुलखात राहून काम करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले होते. विद्यापीठातील वेतनाच्या मानाने ही रक्कम फारच थोडी होती, परंतु आपली विद्या आपल्या भाषेच्या लोकांपर्यंत पोहोचावी, ही इच्छा मोठी ठरली. ज्याला 'बालबोध' मासिकाच्या पानांवर बुद्ध भेटला होता, त्याने मराठीत बुद्ध लिहावा, हे योग्यच झाले. भांडारकर यांच्या सहकार्याने मुंबई विद्यापीठात पाली विषयाचा समावेश करून घेण्यातही त्यांचा वाटा होता.

यानंतरचा त्यांचा प्रवास आगबोटींचा आणि पासपोर्टांचा आहे. १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेला गेले. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकी विद्वानाने हाती घेतली होती. त्यांच्या निधनाने ती अपुरी राहिली होती. ती पुरी करण्याचे काम कोसंबी यांच्याकडे आले. संपादनाच्या श्रेयावरून प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये काम सोडून ते परतले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी १९१८ पर्यंत पाली शिकवले. महाराष्ट्रातील पाली अध्ययनाची परंपरा मुख्यतः या सहा वर्षांत आकाराला आली. १९१८ ते १९२२ या काळात ते पुन्हा हार्वर्डला होते. नंतर अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात, पुन्हा हार्वर्डला आणि १९२९ मध्ये लेनिनग्राडला, अशी त्यांची भ्रमंती चालू राहिली. भारतात मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्यात उतरून त्यांनी तुरुंगवासही पत्करला. गिरणी कामगारांच्या वस्तीत धम्माचा परिचय व्हावा म्हणून मुंबईत परळ येथे बहुजन विहार त्यांनी उभा केला. पण तेथेही ते फार काळ राहिले नाहीत. 'भगवान बुद्ध' हे त्यांचे गाजलेले मराठी चरित्र १९४०-४१ मध्ये प्रकाशित झाले आणि पुढे साहित्य अकादमीमार्फत अनेक भारतीय भाषांत पोहोचले.

शेवटचा मुक्काम

आयुष्याच्या अखेरीस आजारांनी त्यांना ग्रासले. जैन परंपरेतील पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर प्रभाव होता. शरीर दुसऱ्यांवर भार होऊ लागले तर अन्नत्याग करून ते शांतपणे ठेवावे, हा त्या परंपरेतील विचार त्यांना पटला होता. १९४६ मध्ये उत्तर प्रदेशात शरयूच्या तीरावरील दोहरीघाट येथे त्यांनी उपोषण आरंभले. महात्मा गांधींच्या आग्रहामुळे ते त्यांनी थांबवले. पण निश्चय कायम होता. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी पुन्हा अन्न सोडले आणि सुमारे महिनाभरानंतर, ४ जून १९४७ रोजी, त्यांचे निधन झाले. गांधीजी तेव्हा दिल्लीत होते. तेथील प्रार्थना सभेत त्यांनी कोसंबी यांना श्रद्धांजली वाहिली. हा माणूस एवढा विद्वान असूनही लोकांना फारसा परिचित नाही, कारण त्याने स्वतःचा डंका कधी पिटला नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

या निर्णयाबद्दल तेव्हाही मतभेद होते आणि आजही असतील. जाण्यापूर्वी कोसंबी यांनी व्यक्त केलेली इच्छा मात्र वादातीत आहे. पाली शिकण्यासाठी भारतातून विद्यार्थ्यांना सिलोनला पाठवावे, असे त्यांनी सुचवले होते. म्हणजे ज्या वाटेवर त्यांना १९०२ मध्ये एकट्याने चाचपडत जावे लागले, त्या वाटेने इतरांना सोबत आणि शिदोरी घेऊन जाता यावे.

हार्वर्डच्या 'विसुद्धिमग्ग'ची छपाई लांबत गेली. तो ग्रंथ १९५० मध्ये, कोसंबी यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर वॉरन आणि कोसंबी अशी दोन नावे आहेत. लहानपणी पाठीच्या कण्याला झालेल्या दुखापतीने वॉरन जन्मभर जायबंदी होते आणि बरेचसे काम त्यांनी घरात राहूनच केले. ते १८९९ च्या जानेवारीत वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस धर्मानंद कोसंबी सांकवाळच्या घरातून बाहेर पडले होते.